पत्र्यास स्वच्छ भोक : साधनांची निवड आणि गावाचे कर्तव्य

शेतीच्या अवजारांचा विषय निघाला म्हणजे नांगर, पेरणीयंत्र, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर यांचाच विचार प्रथम मनात येतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पत्र्याला पाडावयाचे एखादे भोक हा लेखाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु आजच्या शेतकऱ्याच्या घरी व शेतावर पत्र्याच्या वस्तू किती आहेत याची मोजदाद केली, तर या विषयाचे महत्त्व ध्यानात येईल. विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरची पेटी, सौर पंपाच्या नियंत्रकाची पेटी, धान्याची कोठी, गोठ्याचे छप्पर, पेरणीयंत्राची बियाण्याची पेटी या सर्व वस्तू पत्र्याच्या आहेत. यांपैकी प्रत्येकीला केव्हा ना केव्हा भोक पाडावे लागते आणि बहुधा ते छिन्नी-हातोड्याने, घाईघाईत व अंदाजाने पाडले जाते. हे भोकच पुढे त्या वस्तूच्या नाशाचे, आणि क्वचित् माणसाच्या अपघाताचेही, मूळ ठरते. सबब या लहानशा कामाकडे गंभीरपणे पाहावे, असे माझे मत आहे.

हे मत केवळ पुस्तकातून बनलेले नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका गावी मला विहिरीवरची एक स्टार्टरची पेटी पाहावयास बोलावले होते. पेटीच्या बुडाला छिन्नीने भोक पाडून त्यातून केबल आत घेतलेली होती. भोकाची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. वाऱ्याने केबल हलत राहिली, स्टार्टरच्या प्रत्येक झटक्याबरोबर पेटी थरथरत राहिली, आणि त्या दात्यांनी काही महिन्यांत केबलचे आवरण कापून काढले. पेटीस अर्थिंग नव्हते. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करण्यास गेलेल्या शेतकऱ्याचा ओला हात पेटीला लागला आणि तो दूर फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. त्या दिवशी सर्वांनी विजेला दोष दिला. मी ती पेटी खाली उतरवून भोकाच्या कडेवरून कापूस फिरवला, तेव्हा कापसाचे तंतू ठिकठिकाणी अडकून राहिले. तीन फेजच्या ४१५ व्होल्ट दाबाच्या तारा अशा कडेवर टेकलेल्या होत्या. दोष विजेचा नव्हता, भोकाचा व नसलेल्या अर्थिंगचा होता.

स्वच्छ भोक म्हणजे काय

जे भोक पुरेसे गोल आहे, ठरविलेल्या मापाचे आहे, ज्याच्या भोवतालचा पत्रा वाकलेला नाही आणि ज्याच्या कडेला कूस राहिलेली नाही, ते स्वच्छ भोक होय. कडेला उभी राहणारी ही धारदार कूस, जिला कारागीर ‘बर’ म्हणतात, केबल कापते, रबरी वॉशर फाडते आणि हातही कापते. माप चुकल्यास केबलची ग्लँड सैल बसते. त्या फटीतून पेटीत पाल शिरते, मुंग्या शिरतात, पावसाचे पाणी शिरते. स्टार्टरमध्ये पाल अडकून मोटर बंद पडल्याचा अनुभव बागाईतदारांस नवा नाही. धान्याच्या कोठीची गोष्टही अशीच आहे. सोंडकिड्याची लांबी सुमारे २.५ ते ४ मिलिमीटर असते व त्याचे शरीर त्याहून बरेच अरुंद असते. कोठीच्या तोंडाशी वा नळकांड्याभोवती राहिलेली दोन मिलिमीटरची फट म्हणजे त्याला उघडे दारच होय. कोठी हवाबंद नसेल तर धुरीचा उपाय निष्फळ होतो, आणि विषारी वायू घरात पसरण्याचा धोका असतो तो निराळाच. अशी धुरी प्रशिक्षित व परवानाधारक व्यक्तीकडूनच द्यावयाची असते, हेही येथे स्मरणात ठेवावे.

छिन्नी, गॅस आणि नेहमीचे ड्रिल

छिन्नीने पत्रा कापला जात नाही, तो फाटतो व आतल्या बाजूस वळतो. गॅसच्या ज्योतीने वा वेल्डिंगच्या कांडीने भोक जाळून पाडणे त्याहूनही वाईट. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व ९०७ अंशांस उकळते, तर पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे भोक पडेपर्यंत त्याभोवतीच्या पट्ट्यातील जस्त जळून गेलेले असते. जस्ताचा लेप थंड रीतीने कापला, तर कडेजवळचे जस्त स्वतः झिजून उघड्या पोलादाचे काही प्रमाणात रक्षण करते. जस्त जळाल्यावर हे रक्षण संपते आणि एका पावसाळ्यात तेथे तांबेरा धरावा तसा गंज धरतो. शिवाय जस्ताचा धूर श्वासावाटे गेल्यास ताप येतो.

मग साधे ड्रिल वापरावे काय? ६ ते ८ मिलिमीटरपर्यंतच्या भोकांस ते योग्य आहे, त्यापुढे नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो. या हिशेबाने १२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रिलचे शंकूसारखे टोक सुमारे ३.६ मिलिमीटर उंच भरते. पत्रा मात्र १ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे ड्रिलची पूर्ण रुंदी पत्र्यात शिरण्यापूर्वीच टोक पलीकडे निघून जाते व ड्रिलला आधार राहत नाही. ते डगमगते, भोक तीन कोपऱ्यांचे होते, आणि शेवटी ड्रिलच्या धारा पत्र्यात अडकून पत्राच ड्रिलवर चढतो व गरगर फिरू लागतो. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत हे शिकूनही मी एकदा पत्रा हाताने धरून १२ मिलिमीटरचे ड्रिल चालविले होते. त्याची खूण आजही माझ्या अंगठ्यावर आहे.

निवडीपूर्वीचे तीन प्रश्न

साधन निवडण्यापूर्वी शेतकऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पत्रा किती जाड आहे? भोक किती मोठे हवे? पत्र्याच्या दोन्ही बाजूंस हात पोहोचतो काय?

पत्र्याची जाडी दुकानात गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे ध्यानात ठेवावे. १६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेजचा १.२, २० गेजचा ०.९ आणि २४ गेजचा सुमारे ०.५६ मिलिमीटर जाडीचा असतो. भोकाचे माप जी वस्तू त्यात बसवावयाची तिच्यावरून घ्यावे. २० व २५ मिलिमीटरचे कॉन्ड्युइट नळ हे त्यांच्या बाहेरील व्यासावरून ओळखले जातात. पेटीवरील बटण व दिवा यांना बहुधा २२.५ मिलिमीटरचे भोक लागते. तिसरा प्रश्न पुष्कळजण विसरतात. उघड्या पेटीच्या आत हात जातो, बंद टाकीच्या आत जात नाही, आणि साधनाची निवड पुष्कळदा यावरच ठरते.

कोणत्या कामास कोणते साधन

*पायऱ्यांचे ड्रिल.* यास बाजारात स्टेप ड्रिल म्हणतात. हे शंकूच्या आकाराचे असून त्यावर ४ मिलिमीटरपासून २० किंवा ३२ मिलिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या पायऱ्या असतात. एका पायरीने पाडलेले भोक पुढील पायरी रुंदावते. ड्रिलला प्रत्येक क्षणी आधीच्या भोकाचा आधार असतो, म्हणून भोक गोल पडते. हवे ते माप झाल्यावर पुढच्या पायरीची धार कडेला किंचित टेकवली म्हणजे वरच्या बाजूची बर निघून जाते. पत्रा पायरीच्या उंचीपेक्षा पातळ असला पाहिजे. शेतावरील पेट्यांचा व कोठ्यांचा पत्रा तसा असतोच. हे एका बाजूनेच चालत असल्याने बंद टाकीसही उपयोगी पडते. दोन-दोन मिलिमीटरने वाढणाऱ्या पायऱ्यांत २२.५ चे माप मिळत नाही. तेथे २२ चे भोक पाडून अर्धगोल कानशीने रुंदवावे. शेतकऱ्यास एकच साधन घ्यावयाचे असेल तर त्याने हे घ्यावे, असे मी निःसंकोच सांगतो.

*होल सॉ.* ही पेल्याच्या आकाराची गोल करवत होय. मधोमध एक लहान ड्रिल असते. ३० मिलिमीटरपासून पुढील भोकांस, म्हणजे कोठीच्या नळकांड्यासाठी वा टाकीच्या नळासाठी, हे साधन चांगले. मात्र लाकडासाठी असलेली साधी करवत पत्र्यावर चालवू नये, तिचे दाते काही क्षणांत बोथट होतात. ज्यात वेगवान पोलादाचे दाते लवचिक पोलादी पट्टीला जोडलेले असतात ती दुधातूची करवत घ्यावी. पत्र्यामागे लाकडाची फळी आवळून बांधावी. पातळ पत्र्यात मधल्या ड्रिलचे भोक ढिले होते आणि करवत सरकते, फळीमुळे ड्रिलला आधार मिळतो. कठीण मिश्रधातूच्या दात्यांच्या करवतीही मिळतात. त्या फार चांगले कापतात, परंतु हात तिरपा झाला की त्यांचे दाते तुटतात. होल सॉने पडलेल्या भोकास दोन्ही बाजूंनी कानस फिरविणे आवश्यक आहे.

*नॉकआउट पंच.* यात एका बाजूस कापणारा पंच व दुसऱ्या बाजूस पोकळ साचा असतो, आणि मधल्या बोल्टाने ते एकमेकांकडे खेचले जातात. बोल्ट जाईल एवढे भोक आधी ड्रिलने पाडून घ्यावे लागते. मग पाना फिरवला की पत्र्याची चकती साच्यात कापून पडते. ठोकाठोक नाही, बारीक कीस नाही, आणि कड इतकी साफ येते की कानस जवळजवळ लागतच नाही. यामागील बळाची कल्पना एका हिशेबाने येईल. मऊ पोलाद कापण्यास दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०० न्यूटन बळ लागते असे धरल्यास, १.५ मिलिमीटर पत्र्यात २५ मिलिमीटरचे भोक कापण्यास सुमारे ३५,००० न्यूटन, म्हणजे साडेतीन टनांइतके बळ लागते. हातोड्याच्या ठोक्याने जे साधत नाही ते बोल्टाच्या आट्यांनी का साधते, याचे उत्तर यात आहे. स्टार्टरच्या पेटीसाठी याच्याइतके उत्तम साधन नाही. परंतु प्रत्येक मापास निराळा जोड लागतो, आणि दोन्ही बाजूंस हात पोहोचावा लागतो, म्हणून बंद टाकीस त्याचा उपयोग नाही. चामडे व रबर कापण्याचा पोकळ पंच हे निराळे साधन आहे. तो पत्र्यावर ठोकून बिघडवू नये.

*पत्रा कात्री.* साधारण ७५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकास करवत शोधत बसण्याचे कारण नाही. कंपासने वर्तुळ आखावे, आतील भागात कात्रीचे टोक जाईल एवढे भोक पाडावे आणि गोल गोल कापत रेषेपर्यंत यावे. वळण ज्या दिशेने घ्यावयाचे त्या दिशेची कात्री घ्यावी, डाव्या व उजव्या वळणाच्या कात्र्या निराळ्या मिळतात. १८ गेजपेक्षा जाड पत्र्यावर हातकात्रीचा हट्ट धरू नये.

धान्याच्या चाळणीसाठी पत्र्याला शेकडो भोके घरी पाडण्याचा उद्योगही काही ठिकाणी दिसतो. तो करू नये. कारखान्यात पाडलेल्या समान भोकांचा पत्रा विकत मिळतो. हाताने पाडलेल्या असमान भोकांतून चांगले दाणे गळतात व खडे वर राहत नाहीत.

वेग, तेल आणि दक्षता

आपल्याकडे ड्रिल बिघडण्याचे मुख्य कारण अतिवेग हे आहे. मऊ पोलादावर धारेचा वेग मिनिटास सुमारे २५ मीटर धरल्यास, १० मिलिमीटरच्या भोकास मिनिटाला ८०० फेरे, २० मिलिमीटरच्यास ४००, आणि ५० मिलिमीटरच्यास केवळ १६० फेरे येतात. म्हणजे भोक दुप्पट, तर वेग निम्मा. हातातील यंत्र हजारो फेरे घेऊ शकते म्हणून ते तितक्या वेगाने चालवावे असे नव्हे. धार तापून निळी पडली की ती गेली असे समजावे. कापताना तेलाचे दोन थेंब सोडावेत. सोनेरी रंगाच्या बिटांना भुलून जाऊ नये. तो रंग वरच्या लेपाचा असतो, आतील पोलाद हलके असेल तर लेप त्याला तारू शकत नाही.

पत्रा शेगड्यात किंवा पकडीने घट्ट आवळावा, तो कधीही हाताने धरू नये. भोकाच्या मध्यावर सेंटर पंचाने खूण करावी. डोळ्यांस चष्मा लावावा, आणि फिरत्या ड्रिलजवळ सैल हातमोजे, उपरणे वा पदर नसावा. स्टार्टरच्या पेटीत काम करण्यापूर्वी वीज मुख्य ठिकाणी बंद करून ती बंद असल्याची खात्री करावी, व आतील भागांवर कापड झाकावे, कारण लोखंडाचा कीस संपर्कांत पडला तर नवा बिघाड उद्भवतो. भोक झाल्यावर कड कानशीने मारावी, उघड्या पोलादास जस्तयुक्त रंग द्यावा, आणि केबल ग्लँडमधून किंवा निदान रबरी ग्रोमेटमधून घ्यावी. अर्थिंगची जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी, कारण भोक कितीही स्वच्छ असले तरी ते अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही. नालीदार पत्र्याच्या छपरास भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे, आणि सांडलेला कीस झाडून टाकावा, नाहीतर तो गंजून पत्रा डागाळतो.

एक इशारा मात्र अपवाद न करता पाळावयाचा आहे. ज्या पिंपात पेट्रोल, डिझेल वा अन्य ज्वालाग्राही द्रव होता, त्याला ड्रिल, गॅस किंवा चक्री करवत लावू नये. रिकाम्या पिंपातील वाफ ठिणगीने भडकते. कीटकनाशकाचे पिंप तर धुऊनसुद्धा धान्यास वा पाण्यास वापरू नये.

गावाने काय करावे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही साधने प्रत्येक शेतकऱ्याने विकत घ्यावीत असे मी म्हणत नाही. वर्षातून दोनदा लागणारे साधन घरोघरी असणे हा अपव्यय होईल. परंतु गावात एकही संच नसणे ही उणीव आहे, आणि ती भरून काढणे गावाच्या आवाक्यातील आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ साली सुरू झाल्यापासून अवजारे बँकेची कल्पना खेड्यापाड्यांत परिचित झाली आहे. तथापि बँकेत काय असावे याची चर्चा निघाली म्हणजे ती ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व मळणीयंत्र यांच्यापाशीच थांबते, असे मी अनेक बैठकांत पाहिले आहे. मोठी यंत्रे हवीतच. परंतु त्यांच्या शेजारी एका लाकडी पेटीत बॅटरीवर चालणारे मंदगती ड्रिल, पायऱ्यांची दोन ड्रिले, तीन-चार मापांच्या दुधातूच्या करवती, २० व २५ मिलिमीटरचे नॉकआउट पंच, सेंटर पंच, अर्धगोल कानस, पत्रा कात्री आणि चष्मा एवढे साहित्य असले, तर गावातील बहुतेक कामे भागतील. पेटीच्या झाकणावर गेज व भोकांच्या मापांचा तक्ता चिकटवावा, आणि नेणाऱ्याची नोंद वहीत ठेवावी.

यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की हे काम लोहाराचे किंवा फॅब्रिकेशनवाल्याचे आहे, शेतकऱ्याने त्यात का पडावे? आक्षेप निराधार नाही. गावात कुशल कारागीर असेल तर काम त्याच्याकडेच जावे, आणि पेटीही त्याच्याच हाती सोपवावी. पुष्कळदा त्याच्याकडे हातोटी असते, साधन नसते, म्हणून तो छिन्नी उचलतो. आपण त्याला साधन दिले तर त्याचे कसब वाढेल आणि गावाचे कामही नीट होईल. शिवाय आपणांस योग्य भोक कसे असते हे कळले, तरच आपण त्याच्याकडून तसे मागू शकू. जो मागणारा जाणता असतो त्याचे काम चांगले होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी एक विनंती आहे. पुढील वेळी शेतभेटीस जाल तेव्हा पीक पाहून झाल्यावर विहिरीवरील पेटीकडेही एकदा दृष्टी टाका. हात न लावता, केबल जेथे आत जाते ती जागा पाहा. तेथे ग्लँड आहे की फाटलेला पत्रा, हे दुरूनही दिसते. फाटलेला पत्रा दिसला तर त्या शेतकऱ्यास त्याच दिवशी सांगा, आणि वायरमन आल्याखेरीज पेटीला हात लावू देऊ नका. पाच मिनिटांचे हे काम आहे. ज्या शेतकऱ्याविषयी मी आरंभी लिहिले, त्याच्या पेटीकडे असे कोणी आधी पाहिले असते तर ती रात्र त्याच्यावर आली नसती. त्या विहिरीपर्यंत त्याआधी दोनदा गेलो होतो तो मीच होतो, आणि दोन्ही वेळी ऊस पाहून परतलो होतो.